बेचाळिसाव्या दिवसाची चौकट

सकाळी सव्वानऊलाच कुमुदने दुपारी दोनपर्यंतचं पाणी पिऊन टाकलं, अर्थात कागदावर. पलंगाला अडकवलेली निळी फाईल तिने पोटावर टेकवली आणि दहाच्या रकान्यात दोनशे मिली, बाराच्या रकान्यात दोनशे आणि दोनच्या रकान्यात एकशे सत्तर असं लिहिलं. सगळीकडे दोनशे लिहिलं की तपासणाऱ्याला संशय येतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मग वेदना, दहापैकी: तीन, तीन, दोन. लघवी झाली, झाली, झाली. शेवटचा रकाना पोटऱ्यांचा होता. ‘दोन्ही पोटऱ्यांना हात लावून पाहा. गरम, सुजलेली, दुखते की ठीक?’ तिन्ही चौकटींत तिने एका दमात ‘ठीक’ लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि मान मागे टेकली.

खुब्याचं हाड मोडून ती जुन्या पनवेलमधल्या या हॉस्पिटलात आली होती. न्हाणीघरात पाय घसरला, एवढंच निमित्त. सोमवारी ऑपरेशन झालं, आज गुरुवार. उजवा पाय उशांच्या बंदोबस्तात होता आणि डावा, देवाच्या दयेने, शाबूत होता. मुलगा स्वानंद खारघरहून संध्याकाळी येई, सफरचंदं ठेवी, अर्धा तास मोबाइल बघे आणि ‘काही लागलं तर फोन कर’ म्हणून निघून जाई. पोरगा वाईट नव्हता, पण हॉस्पिटलात आल्यावर हातांचं काय करायचं हे त्याला कळत नसे.

निळी फाईल ही इथल्या नव्या इन्चार्जची, सत्यवती सिस्टरांची टूम. पेशंटने नुसतं पडून राहायचं नाही, आपल्या शुश्रूषेत आपणही भाग घ्यायचा. पाणी किती गेलं, कुठे दुखतं, पाय हलवले का, हे आपलं आपण बघायचं आणि लिहायचं. दुपारी दोनला पाळी बदलताना जाणारी आणि येणारी अशा दोन्ही सिस्टर पलंगापाशी उभ्या राहत, आणि पेशंट आपला चार्ट आपल्या तोंडाने वाचून दाखवी. मागच्या पानावर भेटीला येणाऱ्यांसाठी जागा होती: नाव, नातं, सही किंवा अंगठा. तिथे रोजच्या नाही, ऑपरेशननंतरच्या फक्त चार दिवसांच्या चौकटी छापल्या होत्या. पहिला, तिसरा, सातवा आणि बेचाळिसावा. पहिल्याच दिवशी ते चार आकडे पाहिल्यावर कुमुदने ते पान पुन्हा उलटलं नव्हतं.

शेजारच्या पलंगावर कादंबरी नावाची तरुण मुलगी होती, खारघरचीच, अपेंडिक्सवाली. कुठल्याशा कंपनीत नोकरीला. तिने मोबाइलवर गजर लावून ठेवले होते आणि गजर झाला की ती खरोखरच पेला मोजून पाणी पिई.

“काकू, पहिल्यांदा वाटलं हे काय शाळेसारखं,” ती म्हणाली. “पण आता निदान कळतं तरी माझ्या बॉडीत काय चाललंय ते. काल मीच सांगितलं ना, सलाइन सुरू झालं की हात जळतो म्हणून. त्यांनी लगेच सुई बदलली. एरवी मी गप्प बसले असते.”

“एरवी सिस्टरनेच बघितलं असतं,” कुमुद म्हणाली. “ते तिचं काम.”

हे ती अधिकाराने बोलत होती. बत्तीस वर्षं ती सरकारी नर्स होती, नेरे गावाच्या पलीकडच्या उपकेंद्रावर. पाच गावं आणि डोंगरावरच्या तीन वाड्या तिच्याकडे होत्या, आणि तिथली माणसं तिला नर्सबाई म्हणत. जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी केल्या, आता म्हातारपणी स्वतःच्याही आपणच करायच्या, हा न्याय तिला पटला नव्हता. पण तिचा चार्ट वॉर्डात सगळ्यांत सुबक असे. दिपा सिस्टर, जासईची पोर, तो इतर पेशंटना दाखवायला न्यायची. “ह्याला म्हणतात चार्ट,” ती म्हणायची, आणि कुमुद डोळे मिटून ऐकायची.

दुपारी पावणेदोन वाजले. भेटीची वेळ संपत आली होती. आलेली माणसं डबे घेऊन परतली, कादंबरी कानात इअरफोनची बोंडं घालून आडवी झाली. वरचा पंखा एका फेरीआड कुरकुरत होता. कुमुदचा डोळा लागतोय न लागतोय तोच वॉर्डात ओव्याच्या धुरीचा वास आला. हॉस्पिटलात ओवा कोण जाळतंय, असं मनात येऊन तिने डोळे किलकिले केले.

पायथ्याशी एक बाई उभी होती. गुडघ्यापर्यंत खोचलेलं जुनेर, पाय अनवाणी, टाचांना तांबडी माती. एवढ्या उकाड्यात तिने कानांवरून फडकं गच्च बांधलं होतं. कुमुदला आठवलं, मंगळवारीही ही येऊन गेली होती. तेव्हा भुलीची गुंगी पुरती उतरली नव्हती, म्हणून तिने हिला वॉर्डातली मावशी समजून दोन प्रश्नांना हो म्हटलं होतं.

“पानी पिलीस?” बाईने विचारलं.

“प्याले.”

“लगवी झाली?”

“झाली.”

“ताप हाय?”

“नाही गं बाई.”

“अंगावरून जास्ती जाताय?”

कुमुदने डोळे पुरते उघडले. “माझं वय काय, तू विचारतेस काय? कुणाकडे आलीस तू? कितवा पलंग?”

बाईने ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती फाईलकडेही बघत नव्हती आणि कुमुदच्या चेहऱ्याकडेही. पाढे म्हणताना पोरं समोर बघतात तशी ती समोर बघत होती.

“दूध उतरला?”

कुमुदच्या अंगावर काटा आला, तो प्रश्नाच्या वेडगळपणाने नव्हे. पाणी, लघवी, ताप, अंगावरून जाणं, दूध. प्रश्नांचा हा क्रम तिच्या ओळखीचा होता. बाळंतिणीच्या घरी जाऊन नर्सने विचारायचे प्रश्न, गृहभेटीच्या रजिस्टरात डाव्या बाजूला एकाखाली एक छापलेले. दुधानंतर एकच राहत होता.

“पोटऱ्या?” बाईने विचारलं.

“ठीक,” कुमुद म्हणाली. बत्तीस वर्षांची सवय, तोंडाला दुसरा शब्द आला नाही.

“हात लावून सांग.”

आवाजात राग नव्हता. घाईही नव्हती. कुमुदने डावा गुडघा वर घेतला आणि पोटरीला हात लावला. पोटरी गरम होती. दाबली तर आतून कळ आली, आणि कातडी ताणून चकचकीत झाली होती. पहाटेपासून तिथे ओढल्यासारखं होत होतं, पण पाय अवघडला असेल म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नव्हतं. शाबूत पायाकडे कोण बघतं?

“मी येऊन गेली,” बाई म्हणाली. “लिवून ठेव.”

कुमुदने पोटरीवरून नजर उचलली तेव्हा पायथ्याशी कुणी नव्हतं. दारातून सत्यवती सिस्टर आणि दिपा आत येत होत्या, आणि भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते.

“हं, वाचा काकू,” दिपा म्हणाली. दुसऱ्यांना वाचायला सांगताना ती फाईल पुढे करी, कुमुदला तेवढंही करावं लागत नसे.

कुमुदने फाईल उचलली. पाणी वाचलं, वेदना वाचली. पोटऱ्यांपाशी ती थांबली.

“डावी पोटरी गरम आहे,” ती म्हणाली.

दिपाने वाकून चार्ट बघितला. “इथे तर दोनपर्यंत ठीक आहे. मग आत्ता पाच मिनिटांत झालं असेल. पडून पडून होतं हो काकू. संध्याकाळी सर राउंडला येतील तेव्हा दाखवू.”

वाट अगदी सोपी होती. हो, आत्ताच झालं, असं म्हटलं की सुटका होती. चार्ट सुबक राहिला असता, आणि बत्तीस वर्षंही. पण आत्ता झालं म्हटलं की संध्याकाळपर्यंत कुणी हलणार नाही, पहाटेपासून आहे म्हटलं तर डॉक्टर पळत येतील, हे कुमुदइतकं त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं. पोटरीत धरलेली रक्ताची गुठळी कुठे जाते आणि गेल्यावर किती वेळ देते, तेही तिला ठाऊक होतं.  मरणाची भीती वाटत होतीच, पण खरं सांगायचं तर जीभ जड झाली होती ती दुसऱ्याच भीतीने. आता जे वाक्य बोलायचं होतं, ते तिने आयुष्यात एकदाही उच्चारलं नव्हतं.

“पहाटेपासून आहे,” ती म्हणाली. “मी न बघता लिहिलंय. सकाळी सव्वानऊलाच सगळं भरून ठेवलं. पाणीसुद्धा.”

 कादंबरीने कानातलं बोंड काढलं. सत्यवती सिस्टरांनी फाईल बाजूला ठेवली, चादर सारली आणि दोन्ही पोटऱ्यांना आळीपाळीने हात लावला. मग खिशातून टेप काढून दोन्हींचा घेर मोजला.

“सरांना फोन लाव,” त्या दिपाला म्हणाल्या. “आत्ता.”

पुढचं भराभर झालं. सोनोग्राफी झाली, मांडीच्या खालच्या शिरेत गुठळी सापडली, पोटात इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. “रात्रीपर्यंत राहिलं असतं तर सांगता आलं नसतं,” एवढंच ते म्हणाले. सत्यवती सिस्टरांनी कोरा चार्ट लावला. रागावल्या नाहीत, आणि त्या रागावल्या असत्या तर बरं, असं कुमुदला वाटत राहिलं.

संध्याकाळी तिने कादंबरीला विचारलं, “मघाशी ती बाई आली होती ना, फडकं बांधलेली. कुठल्या पलंगाकडची गं?”

कादंबरी जरा घुटमळली. “काकू, कुणी नव्हतं आलं. मी जागीच होते. तुम्हीच बोलत होतात.”

“मी उत्तरं देत होते.”

“प्रश्नही तुम्हीच विचारत होतात,” कादंबरी म्हणाली. “फक्त आवाज वेगळा होता. गावाकडच्या बाईसारखा.”

 स्वानंद आला, सफरचंदं ठेवून गेला. ती छताकडे बघत पडून राहिली, आणि एकवीस वर्षं जिला तिने मनाच्या उंबऱ्याशीही येऊ दिलं नव्हतं, ती वेणू सरळ आत येऊन बसली.

वेणू जगन निरगुडे. नेऱ्याच्या वर, डोंगराच्या कुशीत ठाकरांची एक वाडी होती, तिथली. वय बावीस, दुसरं बाळंतपण, घरीच झालेलं. मुलगी. वाडीवर जायचं म्हणजे दोन तासांची चढण, वैशाखाचं ऊन, आणि उतरताना गुडघे बोलायचे. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाऊन बाळंतिणीला बघायचं असा नियम होता. नियम कागदावर पाळायचा असतो, हे कुमुदला तिच्या आधीच्या नर्सने शिकवलं होतं, तिला तिच्या आधीचीने. सगळ्याच नर्सा तसं करायच्या. उपकेंद्राच्या पंख्याखाली बसून चारही दिवस एकदम भरायचे: ताप नाही, दूध आहे, पोटऱ्या ठीक, आई ठीक, बाळ ठीक. उरला प्रश्न बाळंतिणीच्या अंगठ्याचा. त्यासाठी कुमुदचा डावा अंगठा होता. इंजेक्शनची काचेची कुपी मोडताना तो कधीतरी कापला होता आणि त्यावर तिरकी खूण राहिली होती. तीन वाड्यांतल्या निदान चाळीस बायकांना तिने आपला हा एक अंगठा वाटून दिला होता. चाळीस नावांपुढे चाळीस निळे ठसे, आणि प्रत्येकावर तीच तिरकी पांढरी रेघ. एवढ्या वर्षांत कुणा तपासणाऱ्याच्या ती नजरेस आली नाही.

वेणूला सातव्या दिवशी ताप होता. नवव्या दिवशी डोलीत घालून तिला खाली आणत होते, तेव्हा अर्ध्या वाटेत ती गेली.

चौकशी झाली. आरोग्य केंद्राच्या पडवीत वेणूचा नवरा जगन उभा राहिला आणि म्हणाला, “बाई वर आलीच नाय.” साहेबांनी त्याच्यापुढे रजिस्टर धरलं. “मग हा अंगठा कुणाचा?” जगनने त्या ठशाकडे पुष्कळ वेळ बघितलं. बायकोचा अंगठा त्याने कागदावर कधी पाहिलाच नव्हता. समोर ठसा होता, साहेब सांगत होते, नर्सबाई शेजारी उभी होती. “असंल,” तो म्हणाला, आणि टोपी हातात घेऊन निघून गेला. बेचाळिसाव्या दिवसाची नोंदही आधीच भरून ठेवलेली होती, ती कुमुदने चौकशीच्या आदल्या संध्याकाळी ब्लेडने खरवडून काढली होती. कागद तिथे इतका पातळ झाला होता की पलीकडची अक्षरं दिसायची. पुढे तिला बढती मिळाली. निवृत्तीला शाल, श्रीफळ आणि नर्सबाईंच्या सेवाभावावर दोन भाषणं झाली.

शुक्रवारपासून कुमुदचा चार्ट बिघडला. म्हणजे त्यात खाडाखोड दिसू लागली. पाणी कधी एकशे दहा, कधी नव्वदच. वेदना सहा. दुपारी बाराला तिने लिहिलं, ‘पाय हलवले नाहीत. कंटाळा केला.’ दिपाने ते वाचलं आणि तीच येऊन पाय हलवायला बसली. एकदा कुमुद म्हणाली, इंजेक्शनच्या जागी काळंनिळं पडतंय, उद्या डाव्या बाजूला द्या. आणि दुसऱ्या दिवशी खरोखर डाव्या बाजूला दिलं. आपण बोलतो आणि कुणीतरी तसं करतं, यात एक सुख असतं हे तिला नव्याने कळत होतं. बत्तीस वर्षं ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होती, तिथून ते दिसलं नव्हतं. वाडीवरच्या बायकांनाही काही सांगायचं असेल, हा विचार तिने त्या दिवसांत पहिल्यांदा केला आणि मग तो थांबवता येईना.

शनिवारी कादंबरी घरी गेली. जाताना नंबर देऊन गेली, “काकू, वॉकरशिवाय एक पाऊल टाकायचं नाही हं,” असं दटावूनही गेली. तिचा पलंग रिकामा राहिला.

सोमवार हा सातवा दिवस. कुमुद सकाळपासून दिवस मोजत होती, आणि मोजायचं नाही असंही ठरवत होती. दीडला ती उशीला टेकून बसली. भेटीला आलेली माणसं हळूहळू निघून गेली. पावणेदोनला पंखा कुरकुरायचा थांबला, फिरत मात्र राहिला. मग ओव्याचा वास आला.

बाई आज पायथ्याशी नव्हती. कादंबरीच्या रिकाम्या पलंगाच्या कडेला ती बसली होती, पाय खाली सोडून. टाचांची माती वाळून भेगाळली होती.

“पानी पिलीस?”

“सकाळपासून चारशे वीस,” कुमुद म्हणाली.  “कमी आहे.”

“लगवी झाली?”

“दोनदा.”

“ताप हाय?”

“नाही. मोजला.”

बाकीचे प्रश्न आले, आणि वेडगळ प्रश्नांनाही कुमुदने खरी उत्तरं दिली. दूध नाही, माझं वय सहासष्ट. पोटऱ्या विचारल्या तेव्हा तिने दोन्हींना हात लावला आणि मगच सांगितलं. प्रश्न संपले. बाई उठली नाही. तिची नजर पहिल्यांदा कुमुदच्या चेहऱ्यावर आली आणि तिथेच थांबली. डोळे तापाने तांबारले होते. कुमुदने तिला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ओळखायचं कशावरून हा प्रश्नच नव्हता. तरी तिने ओळखलं.

आता विचारायची पाळी कुणाची, हेही तिला कळलं.

“वेणू,” ती म्हणाली. “पाणी प्यायलीस?”

“जात नाय.”

“लघवी?”

“जलजलते.”

“अंगावरून जातं?”

“वास येतो,” वेणू खाली बघून म्हणाली. “सासूला सांगाया लाज वाटते. बाई येल, तिला सांगीन म्हनलं.”

 कुमुदने विचारणं थांबवलं नाही, फक्त तापाचा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला. बाळ पितं का, विचारलं. पितं, पण दूध आटलं, असं उत्तर आलं. शेवटी तिने विचारलं, “ताप आहे?”

वेणूने हात पुढे केला. मध्ये दोन पलंगांमधली मोकळी जागा होती, आणि कुमुदला उजव्या अंगावर वळायची बंदी होती. ती तशीच सरकली, जमेल तेवढा हात लांबवला आणि ते मनगट धरलं. चुलीवरून उतरवलेल्या तव्याला हात लागावा तसा चटका बसला. तिने हात सोडला नाही. नाडी मोजायला एक मिनिट लागतं. तिने पूर्ण मिनिट मोजलं.

“काय लिवशील?” वेणूने विचारलं.

“आहे ते,” कुमुद म्हणाली. “ताप आहे लिहीन.”

वेणूने मान हलवली. हायसं वाटल्यावर बायका हलवतात तशी. कुमुदने फाईल ओढली, पुढच्या पानावर आजच्या चार्टमध्ये लिहायला सुरुवात केली, आणि लिहून झाल्यावर वर बघितलं तर रिकाम्या पलंगावरची चादर जशीच्या तशी ताणलेली होती.

मंगळवारी सुट्टी मिळाली. स्वानंद खाली गाडी लावून कागदपत्रांच्या रांगेत उभा होता. दिपा फाईल पूर्ण करायला बसली आणि कालच्या नोंदीवर अडली.

“काकू, हे काय? ‘ताप आहे. हाताला चटका बसतो. नाडी एकशे अडतीस. लगेच खाली न्यावं.’ काल तुमचा ताप साडेअठ्ठ्याण्णव होता. मीच घेतला.”

“तो माझा नाही.”

“मग कुणाचा?”

“बघून लिहिलंय,” कुमुद म्हणाली. “खोडू नकोस.”

दिपाने तिच्याकडे पाहिलं, औषधांचा असर असेल असं मनाशी ठरवलं आणि पान उलटलं. “हे बरं झालं, इथे अंगठे आहेत. पण नावं राहिली. पहिला, तिसरा, सातवा. कोण आलं होतं तुमच्याकडे अंगठेवालं? आणि शाईचा पॅड तर आमच्या खणात कुलपात असतो.”

कुमुदने चष्मा लावला. तीन चौकटी, तीन निळे ठसे, नीट मधोमध उमटवलेले. प्रत्येकावर एक तिरकी पांढरी रेघ होती, डावीकडून उजवीकडे चढत गेलेली. तिने आपला डावा हात खिडकीच्या उजेडात धरला. अंगठा स्वच्छ होता. नखाच्या कडेलाही शाईचा डाग नव्हता. कुपीची खूण तेवढी होती, तशीच तिरकी.

तिला आश्चर्य वाटलं नाही. वेणूला कागदावर लावायला दुसरा अंगठा तिने दिलाच कुठे होता?

तिने पेन घेतलं आणि तिन्ही ठशांपुढे सावकाश लिहिलं: वेणू जगन निरगुडे.

“नातं?” दिपाने विचारलं.

 कुमुदने लिहिलं, ‘माझी बाळंतीण.’

दिपाला हसू आलं, पण तिने ते आवरलं. बाहेर दोन पेशंट ताटकळले होते. तिने शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं. “आता हा बेचाळिसावा दिवस. फॉलोअपला याल तेव्हाचा. याल ना नक्की? मग सोबत येणाऱ्याच्या जागी आत्ताच सही करून ठेवा काकू, म्हणजे फाईल पूर्ण होईल माझी. आम्ही सगळ्यांचं तसंच करतो.”

कुमुदने त्या चौकटीवरून बोट फिरवलं. कोरी होती, पण बोटाला कागद पातळ लागला.

“राहू दे ती,” तिने पेनाला टोपण लावलं. “त्या दिवशी मला आधी वर वाडीवर जायचंय, वेणूच्या घरी. या चौकटीतला अंगठा तिच्याकडे आहे.”